संगणकाची परिभाषा आणि तिचा पूर्वेतिहास

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की ज्ञातीतील घराघरांतून मुलामुलींच्या पुढील शिक्षणाचा विचार सुरू होतो, आणि त्या विचारात संगणकाचा एखादा प्राथमिक अभ्यासक्रम हटकून असतो. २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाल्यानंतर ‘एमएस-सीआयटी’ हे नाव तर खेड्यापाड्यांतही परिचित झाले. अशा वर्गात प्रवेश घेणाऱ्या, विशेषतः मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यापुढे पहिल्याच आठवड्यात परक्या शब्दांची रास येऊन पडते : फाइल, फोल्डर, फाँट, कर्सर, टॅब, शिफ्ट, एंटर, सेव्ह, बिट, बाइट. शब्द इंग्रजी, त्यांचा खुलासा इंग्रजी, आणि शिकविणाऱ्यालाही घाई. मग विद्यार्थी ते शब्द पाढ्यांप्रमाणे घोकतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. याहून वाईट गोष्ट अशी की, ही विद्या इंग्रजी शाळेत शिकलेल्यांसाठी आहे, आपल्यासाठी नव्हे, असा ग्रह त्याच्या मनात घर करून बसतो. हा ग्रह निराधार आहे, हे इतिहासाच्या साहाय्याने दाखवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

संगणक हे यंत्र नवे आहे. त्याची परिभाषा मात्र बहुतांशी जुनी आहे. ती छापखान्यातील जुळाऱ्यांच्या, कचेरीतील कारकुनांच्या, टंकलेखकांच्या आणि गणितज्ञांच्या बोलीतून उचललेली आहे. हे व्यवसाय जसे लंडनला व न्यूयॉर्कला चालत, तसेच ते मुंबईस, पुण्यासही चालत होते.

गणक आणि संगणक

‘कॉम्प्यूटर’ या शब्दापासूनच आरंभ करू. सतराव्या शतकापासून इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘हिशेब करणारा मनुष्य’ असा होता. वेधशाळांतून आणि भूमापन खात्यांतून असे पगारी गणक नेमलेले असत. आपल्या देशातील राधानाथ सिकदार हे बंगाली गणिती १८३१ साली हिंदुस्थानच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणात ‘कॉम्प्यूटर’ याच हुद्द्यावर रुजू झाले आणि पुढे मुख्य गणक झाले. हिमालयातील ‘पंधरावे शिखर’ म्हणून नोंदलेल्या पर्वताची उंची २९,००२ फूट असल्याचे १८५६ साली जाहीर झाले. त्या गणनाकार्यात सिकदार यांचा वाटा मोठा होता. तेच शिखर आज एव्हरेस्ट या नावाने जगास ठाऊक आहे. म्हणजे विद्युत्-यंत्र येण्यापूर्वी शंभर वर्षे या देशात ‘कॉम्प्यूटर’ होते. फक्त ते हाडामांसाचे होते.

१९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे ‘एनिॲक’ या यंत्राचे उद्घाटन झाले. सुमारे अठरा हजार निर्वात नलिका असलेल्या त्या अवाढव्य यंत्राकडून काम कसे करवून घ्यावे, याची जुळणी सहा स्त्रियांनी केली. आणि या सहाही जणी त्यापूर्वी तोफगोळ्यांच्या मार्गाची कोष्टके हाताने सोडविणाऱ्या ‘कॉम्प्यूटर’च होत्या. माणसाचे काम यंत्राकडे गेले, तसा माणसाचा हुद्दाही यंत्रास मिळाला. आपल्याकडे संस्कृतात ‘गणक’ हा शब्द ग्रहगणित करणाऱ्यास प्राचीन काळापासून लावीत. त्याच धातूवरून ‘संगणक’ हा शब्द सिद्ध झाला. तेव्हा इंग्रजीने जे केले, तेच मराठीनेही केले.

या गणनयंत्रास केवळ दोनच खुणा कळतात : शून्य आणि एक. अशा एका खुणेस ‘बिट’ म्हणतात. ‘द्विमान अंक’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दसमूहाचा हा संक्षेप जॉन टुकी यांनी सुचविला आणि क्लॉड शॅनन यांनी १९४८ सालच्या आपल्या विख्यात निबंधात तो रूढ केला. आयबीएम कंपनीतील वर्नर बुखोल्झ यांनी १९५६ साली बिटांच्या जुडग्यास ‘बाइट’ असे नाव दिले. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘घास’. यंत्र एका वेळी जेवढे गिळते तेवढा हा घास. ‘बिट’शी घोटाळा होऊ नये म्हणून त्याचे इंग्रजी स्पेलिंग मुद्दाम बदलण्यात आले. पुढे आठ बिटांचा एक बाइट हे माप ठरले. दोन खुणा आठ जागी मांडल्या की २५६ निरनिराळ्या मांडण्या होतात, हे गणित आपला आठवीतला मुलगाही करू शकेल.

या मापांचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या शास्त्रज्ञांनी एक संगणक स्वतः बांधला. तो १९६० साली पूर्णपणे चालू झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्याच्या मुख्य स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांची २,०४८ घरे होती. म्हणजे एकूण ८१,९२० बिट अथवा १०,२४० बाइट. आजच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह साठविण्यास तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने पाहता, वाचकांच्या हाती असलेला हा लेख निम्मादेखील त्या यंत्राच्या स्मृतीत मावला नसता. आज खिशातल्या दूरध्वनीत असे लक्षावधी लेख राहतात.

छापखान्याचा वारसा

लेखनाशी संबंधित शब्दांचा मोठा भाग छापखान्यातून आलेला आहे. इंग्रजी मोठ्या आणि लहान अक्षरांस ‘अपर केस’ व ‘लोअर केस’ म्हणतात. जुळाऱ्यापुढे शिशाच्या खिळ्यांच्या दोन तबकड्या, म्हणजे ‘केस’, तिरप्या मांडलेल्या असत. वरच्या केसमध्ये मोठी अक्षरे आणि हाताशी असलेल्या खालच्या केसमध्ये नित्य लागणारी लहान अक्षरे, अशी ती व्यवस्था होती. केस गेल्या, नावे राहिली. ‘फाँट’ हा शब्द धातू वितळविणे, ओतणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला आहे. एका ओतणीतून सिद्ध झालेला एका आकाराचा व वळणाचा खिळ्यांचा संच म्हणजे फाँट. दोन ओळींतील अंतरास आजही ‘लेडिंग’ म्हणतात, याचे कारण ओळींच्या मध्ये शिशाच्या पट्ट्या घालीत, आणि इंग्रजीत शिशास ‘लेड’ म्हणतात.

महाराष्ट्रात ही कला परकी राहिली नाही. जावजी दादाजी यांनी मुंबईत प्रथम खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांच्या वळणदार देवनागरी खिळ्यांची कीर्ती देशभर झाली. परंतु देवनागरीची अडचण निराळी होती. रोमन लिपीचे काम मोठी-लहान मिळून बावन्न अक्षरांत भागते. आपल्या लिपीत काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे खिळ्यांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागे. देवनागरीचा जुळारी केसच्या भिंतींमध्ये उभा राहून दिवसभर हात चालवीत असे. ही संख्या कमी करण्यासाठी लोकमान्य टिळकांनीही परिश्रम केले होते. मुंबईचे शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांनी तर ‘भिसोटाइप’ नावाचे खिळे ओतणारे यंत्र शोधून विलायतेत व अमेरिकेत नाव मिळविले. यंत्रावर आपली लिपी कशी बसवावी, हा प्रश्न संगणकामुळे उत्पन्न झाला नाही. त्याचा विचार आपल्या वडीलधाऱ्यांनी शतकापूर्वीच आरंभिला होता.

येथे एका मराठी शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. कागदाच्या कडेला सोडलेल्या कोऱ्या जागेस आपण ‘समास’ म्हणतो. शाळेच्या वहीत समास आखणाऱ्या प्रत्येक मुलास संगणकावरील ‘मार्जिन’ ही संज्ञा आधीच ठाऊक असते. कोणी सांगत नाही, म्हणून ती त्याला नवी वाटते.

टंकलेखन यंत्राची देणगी

अमेरिकेतील मिल्वॉकी शहराचे क्रिस्टोफर शोल्स यांना आपल्या टंकलेखन यंत्राचा एकाधिकार १८६८ साली मिळाला, आणि रेमिंग्टन कंपनीने सिद्ध केलेले यंत्र १८७४ साली बाजारात आले. या पहिल्या यंत्रावर केवळ मोठी अक्षरे उमटत. १८७८ सालच्या सुधारलेल्या यंत्रात प्रत्येक दांडीवर दोन अक्षरे बसविण्यात आली आणि एक विशेष कळ दाबली असता कागदाचा रूळ जागचा सरके, त्यामुळे दुसरे अक्षर उमटे. सरकणे म्हणजे ‘शिफ्ट’. संगणकात सरकण्याजोगे काही उरलेले नाही. तरी कळेचे नाव तेच आहे.

‘टॅब’ हा ‘टॅब्युलेटर’चा, म्हणजे कोष्टक करणाऱ्याचा, संक्षेप होय, आकड्यांचे रकाने एकाखाली एक यावेत म्हणून रूळ नेमक्या जागी उडी घेऊन थांबावा, यासाठी ती कळ होती. ‘बॅकस्पेस’ने रूळ एक घर मागे येई, पण उमटलेले अक्षर पुसले जात नसे, संगणकात ते पुसले जाते. ओळ संपत आली की घंटी वाजे आणि टंकलेखक तरफेने रूळ ओढून नव्या ओळीच्या आरंभी नेई. हीच क्रिया ‘रिटर्न’, आणि आजची ‘एंटर’ कळ तिचीच वारस आहे.

या इतिहासाचा प्रत्यक्ष उपयोग पाहावा. पुष्कळ विद्यार्थी संगणकावर प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘एंटर’ दाबतात, आणि मजकूर मध्यभागी आणण्यासाठी रिकाम्या जागांची कळ वीस-वीस वेळा बडवितात. टंकलेखन यंत्रावर यावाचून गत्यंतर नव्हते. संगणक ओळ आपोआप मोडतो. ‘एंटर’ केवळ परिच्छेदाच्या शेवटी द्यावयाचे असते. ज्याने केवळ कळ पाठ केली, त्याचा अर्ज कागदाचा आकार बदलताच विस्कटतो; ज्याला कळेचा इतिहास समजला, त्याचा विस्कटत नाही.

टंकलेखनाने आपल्या समाजातील मध्यमवर्गावर केवढे उपकार केले आहेत, हे येथे सांगावयास हवे. १९५५ साली गोदरेज कंपनीने मुंबईत देशी टंकलेखन यंत्र काढले. त्यानंतरच्या काळात तालुक्यातालुक्यांतून टंकलेखनाचे वर्ग निघाले. मराठीचे मिनिटाला तीस शब्द आणि इंग्रजीचे चाळीस शब्द, एवढ्या भांडवलावर कित्येक तरुणांनी व तरुणींनी कचेरीत प्रवेश मिळविला आणि धाकट्या भावंडांची शिक्षणे केली. त्या पिढीच्या बोटांना जी परिभाषा ठाऊक होती, तीच आज नातवंडांस नवी म्हणून शिकविली जाते. आजोबांस विचारले तर ‘शिफ्ट’ आणि ‘टॅब’ ते वर्गशिक्षकाहून चांगले समजावून देतील.

‘वर्ड प्रोसेसिंग’, म्हणजे शब्दप्रक्रिया, ही संज्ञाही टंकलेखनाच्याच कुळातली आहे. जर्मनीत आयबीएम कंपनीच्या टंकलेखन यंत्रांचा व्यापार पाहणारे उलरिख श्टाइनहिल्पर यांनी प्रथम ‘मजकुरावर प्रक्रिया’ या अर्थाचा जर्मन शब्द योजिला. १९६४ साली त्या कंपनीने विद्युत् टंकलेखन यंत्रास चुंबकीय फीत जोडली. टंकित केलेला मजकूर फितीवर राहू लागला, चूक तेवढी दुरुस्त करून पत्र पुन्हा उमटविता येऊ लागले, आणि एका चुकीपायी सबंध पान पुन्हा बडविण्याचा जाच संपला. पुढे घरगुती संगणकांसाठी १९७६ साली ‘इलेक्ट्रिक पेन्सिल’ आणि १९७८ साली ‘वर्डस्टार’ या आज्ञावली निघाल्या. त्यांतील ‘वर्डस्टार’ आपल्याकडील कचेऱ्यांतूनही अनेक वर्षे वापरात होती.

दफ्तर, रुमाल आणि फाइल

‘फाइल’ हा शब्द दोरा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. युरोपात पूर्वी कागद दोऱ्यात अथवा तारेत ओवून ठेवीत. त्या माळेस फाइल म्हणत. आपल्याकडे कागद कापडात बांधून ठेवीत, म्हणून पेशवे दफ्तरातील गठ्ठ्यांस ‘रुमाल’ हे नाव पडले. त्या रुमालांतील निवडक कागद रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस भागांत प्रसिद्ध केले. एका भाषेत दोरा, दुसरीत कापड. ज्याने बांधले त्याचेच नाव बांधलेल्यास मिळाले. आज मराठीत फाइलीस ‘धारिका’ हा शब्दही योजतात.

कोणता शब्द वापरावा, याविषयी आपल्याकडे नेहमी वाद होतो. या वादासही दीर्घ परंपरा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला आणि दरबारातील फारसी शब्दांस संस्कृत पर्याय देण्यात आले. त्या कोशाचे दहा वर्ग असून त्यांत ‘लेखनवर्ग’ हा एक स्वतंत्र वर्ग आहे. त्यातील काही पर्याय रुजले. पण दफ्तर, शाई, कारकून हे शब्द मराठीने सोडले नाहीत, आणि आज ते परके आहेत असे कोणास वाटतही नाही. संगणकाच्या बाबतीतही असेच घडत आहे : ‘संगणक’ रुजला, ‘कळफलक’ रुजू पाहत आहे, ‘माउस’ला कोणी मूषक म्हणत नाही. विद्यार्थ्याने यातील कोणताही शब्द वापरावा. मात्र त्याचा अर्थ त्याला मराठीत सांगता आला पाहिजे.

‘माउस’ची कथाही सरळ आहे. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली लाकडी खोक्याचे हे पहिले साधन बनविले. मागे लोंबणाऱ्या वायरीमुळे ते उंदरासारखे दिसे. ‘कर्सर’ म्हणजे लॅटिनमध्ये धावणारा. अभियंत्यांच्या गणनपट्टीवर पुढेमागे सरकणाऱ्या काचेस हे नाव पूर्वीपासून होते. आणि ‘कट’ व ‘पेस्ट’ म्हणजे कात्री आणि खळ. वृत्तपत्रांच्या कचेरीत संपादक मजकुराचे तुकडे खरोखरच कापून दुसरीकडे डकवीत. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेत लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास ही क्रिया पडद्यावर आणली.

स्मृती आणि जतन

विद्यार्थ्यास सर्वांत अधिक नुकसान पोचविणारे अज्ञान ‘मेमरी’ आणि ‘सेव्ह’ या दोन शब्दांविषयीचे आहे. संगणकाची कार्यकारी स्मृती पाटीसारखी आहे : काम चालू असेतो लिहिलेले दिसते, वीज गेली की पाटी कोरी. तबकडीवरील साठा वहीसारखा आहे, तो टिकतो. पाटीवरचे वहीत उतरविणे म्हणजे ‘सेव्ह’, आणि त्यास योजलेला ‘जतन’ हा मराठी शब्द मूळ इंग्रजी शब्दाहूनही समर्पक आहे. कारण जतनात केवळ ठेवणे नाही, काळजी घेणेही आहे. या आज्ञेचे चित्र म्हणून आजही लवचीक तबकडीची, म्हणजे ‘फ्लॉपी’ची, आकृती दाखवितात. १९७१ साली प्रथम बाजारात आलेल्या त्या तबकड्या आज कोणी वापरीत नाही. चित्र मात्र खडावांप्रमाणे पूजेत राहिले आहे.

देवनागरीचा प्रश्न आणि आपले कर्तव्य

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. १९६३ साली अमेरिकेत ‘आस्की’ नावाची संकेतपद्धती ठरली. तीत १२८ जागा होत्या आणि त्यांत रोमन अक्षरे, अंक व खुणा बसविलेल्या होत्या. देवनागरीस जागाच नव्हती. तेव्हा रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसविलेले फाँट आपल्याकडे निघाले. यंत्र आतून इंग्रजी अक्षरच जाणत असे. वर चेहरा मराठी दिसे. त्या काळाची गरज त्यांनी भागविली, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि तो विशिष्ट फाँट ज्या यंत्रावर नाही, त्यावर तोच मजकूर उघडला की रोमन अक्षरांचा निरर्थक चिवडा दिसतो.

याच सुमारास अधिक दूरदृष्टीचे कार्यही चालू होते. १९८६ साली भारतीय लिपींसाठी ‘इन्स्क्रिप्ट’ हा प्रमाण कळफलक ठरला. त्यात डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने अशी वर्णमालेची मांडणी आहे. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेने भारतीय लिपींचे काम पुढे नेले. १९९१ साली ‘इस्की’ ही भारतीय संकेतपद्धती प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. आणि त्याच वर्षी जगातील सर्व लिपींस स्वतःचे स्थान देणाऱ्या ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली. तीत देवनागरीसाठी १२८ स्वतंत्र जागा आहेत. ‘दुसऱ्या’ या शब्दातील खास मराठी वळणाचा अर्धा र देखील तेथे सन्मानाने बसला आहे. आता ‘क’ हा जगातील कोणत्याही यंत्रावर ‘क’च राहतो.

हा तांत्रिक तपशील ज्ञातीच्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या कपाटांत आहे. ज्या संस्थांनी व कुटुंबांनी मागील पिढीत आपल्या वंशावळी, घराण्यांच्या हकिकती, विद्यार्थी-निधीचे वृत्तान्त जुन्या फाँटांत टंकित करून ठेवले, त्यांच्या हाती आज तबकड्या आहेत, पण मजकूर वाचता येत नाही. मोडी वाचणारे विरळा झाले, तेव्हा शेकडो घरांतील कागद मुके झाले. ते कागद निदान जाणकाराच्या हाती पुन्हा बोलू लागतात. जुन्या तबकड्यांवर जे पुसट झाले ते बोलणार नाही. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा रुमाल उघडतो आणि वीस वर्षांपूर्वीची धारिका उघडत नाही, ही स्थिती आपल्याच पिढीस सुधारावयाची आहे.

म्हणून ज्ञातिबंधूंस व भगिनींस दोन विनंत्या आहेत. पहिली अशी की, आपल्या मुलास संगणकाचे शब्द पाठ करण्यास न सांगता प्रत्येक शब्द मूळ कोठल्या धंद्यातला, हे विचारण्याची सवय लावावी. दुसरी अशी की, सुटीत त्याच मुलाकडून घरातील जुन्या धारिका युनिकोडमध्ये आणवून घ्याव्यात आणि आजी-आजोबांस ठाऊक असलेल्या चार गोष्टी त्यांच्या तोंडून ऐकून टंकित करवाव्यात. मुलाचे टंकलेखन पक्के होईल, परिभाषा अंगवळणी पडेल, आणि घराण्याचा इतिहास जतन होईल. असे प्रत्येक घरातील एक पान जरी पुढील स्मरणिकेसाठी आले, तरी ज्ञातीच्या इतिहासाचा एक मोठा रुमाल आपण पुढच्या पिढीसाठी बांधून ठेवला, असे होईल.